जॉन विल्यम पॉलिडोरी

जॉन विल्यम पॉलिडोरी (७ सप्टेंबर, इ.स. १७९५ – २४ ऑगस्ट, इ.स. १८२१) हा इटालियन वंशाचा इंग्लिश लेखक व डॉक्टर होता. कवी लॉर्ड बायरन याचा खाजगी डॉक्टर म्हणून त्याने इ.स. १८१६ मध्ये युरोपचा प्रवास केला. इ.स. १८१९ मध्ये प्रसिद्ध झालेली त्याची 'द व्हँपायर' ही दीर्घकथा इंग्लिश गद्यातील पहिली व्हँपायरकथा मानली जाते. लोककथांतील रक्तपिपासू प्रेताला देखण्या, खानदानी व मोहक पुरुषाचे रूप या कथेने दिले. आजच्या अलौकिक प्रेमकथांमधील व्हँपायर नायकाचा उगम समीक्षक याच कथेतील लॉर्ड रूथ्वेन या पात्रात शोधतात. ही कथा प्रथम बायरनच्या नावाने छापली गेली. तिचे श्रेय पॉलिडोरीला त्याच्या हयातीत पूर्णपणे कधीच मिळाले नाही.

कुटुंब व शिक्षण

पॉलिडोरीचा जन्म लंडन येथे झाला. त्याचे वडील गाएतानो पॉलिडोरी हे इटलीतून इंग्लंडमध्ये येऊन स्थायिक झालेले विद्वान व भाषाशिक्षक होते. तरुणपणी त्यांनी इटालियन नाटककार व्हित्तोरिओ आल्फिएरी याचे सचिव म्हणून काम केले होते. आई ॲना मारिया पिअर्स ही इंग्लिश असून विवाहापूर्वी मुलांना घरी शिकविण्याचे काम करीत असे. आठ भावंडांपैकी जॉन हा सर्वांत थोरला मुलगा होता.

कॅथलिक पंथाच्या या मुलाला इ.स. १८०४ मध्ये यॉर्कशायरमधील ॲम्पलफर्थ येथे बेनेडिक्टाइन संन्याशांच्या शाळेत पाठविण्यात आले. इ.स. १८१० मध्ये तो वैद्यकाच्या शिक्षणासाठी एडिंबरा विद्यापीठात दाखल झाला. झोपेत चालण्याच्या विकारावर प्रबंध लिहून त्याने ऑगस्ट १८१५ मध्ये एम.डी. ही पदवी मिळविली. त्या वेळी त्याचे वय अवघे १९ वर्षे होते. साहित्यात नाव मिळविण्याची त्याची आकांक्षा विद्यार्थिदशेपासूनच होती. देहान्ताच्या शिक्षेला विरोध करणारा त्याचा निबंध इ.स. १८१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

बायरनचा डॉक्टर

इ.स. १८१६ च्या सुमारास बायरन हा इंग्लंडमधील सर्वांत गाजलेला कवी होता. इ.स. १८१४ मध्ये त्याच्या 'द कोर्सेअर' या काव्याच्या सुमारे १०,००० प्रती प्रकाशनाच्या दिवशीच खपल्या होत्या. परंतु पत्नीपासून विभक्त झाल्यावर उठलेल्या लोकापवादामुळे त्याने देश सोडण्याचे ठरविले आणि सोबत डॉक्टर म्हणून २० वर्षांच्या पॉलिडोरीची निवड केली. प्रकाशक जॉन मरे याने या प्रवासाची रोजनिशी लिहिण्यासाठी पॉलिडोरीला ५०० पौंड देऊ केले होते.

एप्रिल १८१६ मध्ये दोघांनी इंग्लंड सोडले. बेल्जियममध्ये वॉटर्लूची रणभूमी पाहून ते ऱ्हाइन नदीच्या काठाने स्वित्झर्लंडला पोहोचले. या प्रवासातच त्यांच्या संबंधांत ताण निर्माण झाला. पॉलिडोरी स्वतः नाटके लिहीत असे आणि साहित्यिकांच्या मंडळीत बरोबरीचे स्थान मिळावे, अशी त्याची अपेक्षा होती. बायरनच्या लेखी मात्र तो नोकरीवर ठेवलेला एक हळवा व मानी तरुण होता. बायरनने त्याच्या आडनावावरून त्याला एक थट्टेचे नावही पाडले होते. बायरनच्या प्रतिभेविषयीचे आकर्षण आणि त्याच्याकडून होणाऱ्या उपेक्षेचे शल्य या दोन्ही गोष्टी पॉलिडोरीच्या रोजनिशीत व पत्रांत दिसतात.

व्हिला दिओदाती

जिनिव्हा सरोवराकाठी कोलोन्यी येथे बायरनने व्हिला दिओदाती हे घर भाड्याने घेतले. जवळच्याच एका घरात कवी पर्सी बिश शेली, मेरी गॉडविन (पुढे मेरी शेली) आणि मेरीची सावत्र बहीण क्लेअर क्लेअरमॉन्ट राहत होते. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता. वातावरणात पसरलेल्या त्याच्या धुळीमुळे व वायूंमुळे पुढील वर्षी युरोपात उन्हाळा जवळजवळ झालाच नाही. सततच्या पावसामुळे ही मंडळी घरात अडकून पडत. अशा वेळी त्यांनी जर्मन भुताच्या गोष्टींचा 'फँटास्मागोरियाना' हा फ्रेंच अनुवाद वाचला आणि प्रत्येकाने अशी एक गोष्ट लिहावी, असे बायरनने सुचविले.

या दिवसांचा समकालीन वृत्तान्त मुख्यतः पॉलिडोरीच्या रोजनिशीतूनच मिळतो. त्याने मेरीच्या तान्ह्या मुलाला देवीची लस टोचली. मेरीच्या मदतीला जाण्यासाठी उंचावरून उडी मारताना त्याचा घोटा मुरगळला. १८ जूनच्या रात्री बायरनने कोलरिजच्या 'क्रिस्टाबेल' या काव्यातील ओळी म्हणून दाखविल्या, तेव्हा शेली किंचाळत खोलीबाहेर धावला आणि पॉलिडोरीने त्याच्यावर उपचार केले. मनुष्य हे केवळ एक यंत्र आहे काय, या विषयावर आपली व शेलीची चर्चा झाल्याची १५ जूनची नोंदही या रोजनिशीत आहे. पुढे इ.स. १८३१ मध्ये मेरीने 'फ्रँकेनस्टाइन'च्या प्रस्तावनेत जीवनतत्त्वाविषयीच्या ज्या संभाषणातून आपल्याला कादंबरीची प्रेरणा मिळाल्याचे सांगितले, ते मात्र तिने बायरन व शेली यांच्यातील असल्याचे लिहिले. काही अभ्यासकांच्या मते तिच्या आठवणीतील संभाषण पॉलिडोरीने नोंदविलेले हेच असावे.

बायरनने त्या वेळी एक गोष्ट लिहावयास घेतली व लवकरच अर्धवट सोडून दिली. तिच्यातील ऑगस्टस डार्व्हेल हा गूढ सरदार एका तरुणासोबत पूर्वेकडे प्रवासाला निघतो आणि तुर्कस्तानातील एका दफनभूमीत मरताना आपला मृत्यू गुप्त ठेवण्याची शपथ त्याला घालतो. बायरनची कथा येथेच थांबते आणि तिच्यात डार्व्हेल रक्त पिताना कोठेही दिसत नाही. पॉलिडोरीने याच धाग्यावरून वेगळी कथा रचली. जिनिव्हाजवळ राहणाऱ्या एका स्त्रीच्या आग्रहावरून आपण ती थोड्या सकाळींत लिहून काढली व हस्तलिखित तिच्याकडेच ठेवले, असे त्याने पुढे सांगितले.

सेवेतून मुक्ती व भ्रमंती

सप्टेंबर १८१६ मध्ये बायरनने पॉलिडोरीला सेवेतून मुक्त केले. तो पायी आल्प्स ओलांडून इटलीत गेला. मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात पुढे बसलेल्या ऑस्ट्रियन अधिकाऱ्याला त्याने उंच टोपी काढण्यास सांगितले. त्यावरून वाद होऊन त्याला अटक झाली आणि शहर सोडण्याचा हुकूम मिळाला. त्यानंतर काही काळ त्याने पिसा येथे इंग्लिश प्रवाशांवर उपचार केले व इ.स. १८१७ मध्ये तो मायदेशी परतला. नॉर्विच येथे त्याने दवाखाना सुरू केला. पण त्याचा जम बसला नाही. त्याच वर्षी घोडागाडीच्या अपघातात त्याच्या डोक्याला गंभीर दुखापत झाली. तिचा परिणाम त्याच्या स्वभावावर कायमचा राहिला, असे काही चरित्रकारांचे मत आहे.

'द व्हँपायर'

पॉलिडोरीपूर्वीचा व्हँपायर

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सर्बियाच्या खेड्यांत मृत व्यक्ती थडग्यातून उठून गावकऱ्यांचे रक्त शोषतात, अशा तक्रारी ऑस्ट्रियन प्रशासनाकडे आल्या. आर्नोल्ड पाओले या मृत शेतकऱ्याच्या प्रकरणाचा लष्करी शल्यचिकित्सकांनी इ.स. १७३२ मध्ये दिलेला अहवाल युरोपभर गाजला. या हकिकतींतील व्हँपायर हा फुगलेल्या, लालसर देहाचा, वाढलेल्या नखांचा गावकरी होता. तो आपल्याच नातलगांना व शेजाऱ्यांना छळी. त्याच्याविषयी भीती व किळस वाटे; आकर्षण वाटण्याचा प्रश्न नव्हता. ग्योटे, साउदी व खुद्द बायरन यांच्या काव्यांत व्हँपायरचा उल्लेख आला होता. परंतु समाजात उजळ माथ्याने वावरणारे पात्र म्हणून त्याला कोणी उभे केले नव्हते.

मराठी वाचकांना परिचित असलेल्या वेताळपंचविशीतील वेताळालाही रिचर्ड बर्टन याने इ.स. १८७० मध्ये आपल्या इंग्लिश रूपांतराच्या शीर्षकात व्हँपायर म्हटले आहे. तथापि प्रेतात वास करून राजाला कोडी घालणारा वेताळ व रक्तावर जगणारा युरोपीय व्हँपायर यांच्या परंपरा भिन्न आहेत.

कथानक

ऑब्री या श्रीमंत, पोरक्या व कल्पनारम्य वृत्तीच्या तरुणाची लंडनच्या उच्चभ्रू समाजात लॉर्ड रूथ्वेनशी ओळख होते व दोघे प्रवासाला निघतात. रोममध्ये रूथ्वेन एका मुलीला फसविण्याच्या बेतात असल्याचे कळताच ऑब्री तो बेत उधळून लावतो आणि एकटाच ग्रीसला जातो. तेथे आयँथी ही मुलगी त्याला व्हँपायरच्या लोककथा सांगते. पुढे तिचाच व्हँपायरकडून बळी जातो. आजारी पडलेल्या ऑब्रीची शुश्रूषा करण्यासाठी रूथ्वेन पुन्हा प्रकट होतो. दरोडेखोरांच्या गोळीने मरताना तो आपली दुष्कृत्ये व मृत्यू एक वर्ष आणि एक दिवस गुप्त ठेवण्याची शपथ ऑब्रीकडून घेतो. लंडनला परतल्यावर ऑब्रीला तोच रूथ्वेन जिवंत दिसतो आणि तो वेगळी उपाधी धारण करून ऑब्रीच्या बहिणीशी विवाह ठरवतो. शपथेने बांधलेला ऑब्री भ्रमिष्ट समजला जातो. मुदत संपल्यावर तो सत्य सांगतो व मरण पावतो. परंतु तोपर्यंत बहिणीचा बळी गेलेला असतो आणि रूथ्वेन निसटतो.

रूथ्वेनचे आकर्षण

रूथ्वेन हे नाव बायरनची पूर्वीची प्रेयसी लेडी कॅरोलिन लँब हिच्या 'ग्लेनार्व्हन' (इ.स. १८१६) या कादंबरीतून घेतले आहे. त्या कादंबरीतील खलनायक बायरनवरूनच बेतलेला असल्याने वाचकांना संदर्भ तत्काळ उमगला. बायरनच्या काव्यांतील उदास, गर्विष्ठ व पापाचे ओझे वाहणारा नायक आणि प्रत्यक्ष बायरनविषयीच्या वदंता या दोन्हींची छाया रूथ्वेनवर पडली.

रूथ्वेनचा चेहरा निस्तेज आहे, परंतु त्याची ठेवण सुंदर आहे. त्याच्या करड्या डोळ्यांत कोणताही भाव नाही. तो थडग्यातून चोरपावलांनी येत नाही. सन्मानाने निमंत्रित होऊन दारातून आत येतो. करमणुकीला कंटाळलेल्या समाजाला त्याच्या या थंडपणाचेच कुतूहल वाटते. त्याचे लक्ष वेधू पाहणाऱ्या धीट स्त्रियांकडे तो ढुंकूनही पाहत नाही. सद्वर्तनी स्त्रियांशी मात्र आर्जवाने बोलतो. त्यामुळे त्याने आपल्याशी बोलणे हा प्रत्येकीला विशेष मान वाटतो. त्याचे औदार्यही फसवे आहे. व्यसनी माणसांना तो सढळ हाताने पैसे देतो आणि त्या पैशानेच त्यांचा नाश होतो.

समीक्षेच्या दृष्टीने कथेतील सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे ऑब्रीची भूमिका. रूथ्वेन स्वतःविषयी फारसे काही सांगत नाही. त्याच्या मौनातील रिकामी जागा ऑब्री स्वतःच्या कल्पनेने भरतो आणि समोरच्या माणसाऐवजी आपण रचलेल्या अद्भुतकथेच्या नायकाकडे ओढला जातो. अशा रीतीने व्हँपायरच्या मोहिनीचे मूळ पॉलिडोरीने त्याच्या अमानवी शक्तीइतकेच पाहणाऱ्याच्या मनातही दाखविले आहे. आयँथी व्हँपायरची वर्णने सांगते तेव्हा ती रूथ्वेनशी जुळत असल्याचे जाणवूनही ऑब्री तिच्या भीतीला हसण्यावारी नेतो. पुढे तो शपथ मोडत नाही, कारण तो वचनाला जागणारा सद्गृहस्थ आहे. म्हणजेच त्याचा सद्गुणच व्हँपायरच्या उपयोगी पडतो. एका प्रसिद्ध पुरुषाच्या प्रभावळीत वावरलेल्या व तेथून दूर सारल्या गेलेल्या लेखकाचा अनुभव या मांडणीमागे आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. तथापि ऑब्री म्हणजे पॉलिडोरी व रूथ्वेन म्हणजे बायरन असे सरळ समीकरण मांडता येत नाही. बायरनच्या अपूर्ण कथेतही तरुण निवेदक व गूढ सरदार ही जोडी आहेच.

लेखकत्वाचा वाद

१ एप्रिल, इ.स. १८१९ रोजी हेन्री कोलबर्न याच्या 'न्यू मंथली मॅगझिन'ने ही कथा लॉर्ड बायरनची म्हणून छापली. पॉलिडोरीची संमती यासाठी घेतलेली नव्हती. पाठोपाठ ती पुस्तकरूपानेही निघाली. बायरनच्या नावामुळे तिला प्रचंड मागणी आली आणि फ्रेंच व जर्मन अनुवाद त्वरित प्रसिद्ध झाले. ग्योटेने ती बायरनची उत्कृष्ट कृती मानल्याचे सांगितले जाते.

पॉलिडोरीने संपादकांना पत्र लिहून खुलासा केला. कथेची मूळ कल्पना बायरनची असली, तरी तिचा विस्तार आपला आहे, असे त्याने प्रामाणिकपणे मांडले. बायरननेही लेखकत्व नाकारले आणि आपली अपूर्ण कथा प्रकाशकाकडे पाठविली. ती त्याच वर्षी 'माझेपा' या काव्यासोबत छापली गेली. मात्र या खुलाशांचा पॉलिडोरीला लाभ झाला नाही. बायरनचे नाव कथेला चिकटून राहिले आणि खऱ्या लेखकावरच दुसऱ्याच्या कीर्तीचा फायदा घेतल्याचा संशय आला. त्याच वर्षी त्याने स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केलेली 'अर्नेस्टस बेर्ख्टोल्ड' ही कादंबरी व एक काव्यसंग्रह यांकडे वाचकांनी फारसे लक्ष दिले नाही.

अखेरची वर्षे व मृत्यू

वैद्यकी सोडून पॉलिडोरी कायद्याच्या अभ्यासाकडे वळला. इ.स. १८२० मध्ये त्याने ॲम्पलफर्थच्या मठप्रमुखाला पत्र लिहून संन्यास घेण्याची इच्छा कळविली. परंतु त्याच्या प्रकाशित लेखनामुळे ती मान्य झाली नाही. इ.स. १८२१ मध्ये त्याचे 'द फॉल ऑफ द एंजल्स' हे धार्मिक काव्य प्रसिद्ध झाले. याच काळात तो नैराश्य व जुगारातील कर्ज यांनी ग्रासला होता. २४ ऑगस्ट, इ.स. १८२१ रोजी लंडनमधील ग्रेट पुल्टनी स्ट्रीट येथील घरी त्याचा मृत्यू झाला. २६वा वाढदिवस अवघ्या दोन आठवड्यांवर होता. चौकशीत नैसर्गिक मृत्यूचा निर्णय देण्यात आला. तथापि त्याने विष घेऊन जीवन संपविले, असे त्याच्या कुटुंबीयांचे मत होते व बहुतेक चरित्रकारांनी ते स्वीकारले आहे. त्याचे दफन लंडनच्या सेंट पँक्रस दफनभूमीत झाले.

त्याची बहीण फ्रान्सेस हिचा विवाह इ.स. १८२६ मध्ये इटालियन कवी गाब्रिएले रोसेट्टी याच्याशी झाला. कवयित्री ख्रिस्तिना रोसेट्टी व चित्रकार-कवी दान्ते गॅब्रिएल रोसेट्टी ही त्यांची अपत्ये होत. पॉलिडोरीच्या रोजनिशीची नक्कल त्याची बहीण शार्लट हिने केली. नक्कल करताना तिने अनुचित वाटलेले मजकूर गाळले आणि मूळ प्रत नष्ट केली. उरलेली रोजनिशी भाचा विल्यम मायकेल रोसेट्टी याने इ.स. १९११ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली.

प्रभाव

लॉर्ड रूथ्वेन हे पात्र लवकरच लेखकापासून स्वतंत्र झाले. जून १८२० मध्ये शार्ल नोदिए याच्या सहभागाने रचलेले 'ल व्हाँपीर' हे नाटक पॅरिसमध्ये रंगमंचावर आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जेम्स रॉबिन्सन प्लांशे याने लंडनच्या लायसियम नाट्यगृहासाठी त्याचे रूपांतर केले. नाट्यगृहाकडे स्कॉटिश पोशाख तयार असल्याने कथा स्कॉटलंडमध्ये घडविण्यात आली. व्हँपायर अचानक नाहीसा व्हावा म्हणून या प्रयोगासाठी रंगमंचावर खास झडपेचे दार बनविले गेले. या नाटकातील व्हँपायरला जगण्यासाठी ठरावीक वेळेपूर्वी कुमारिकेशी विवाह करून तिचे रक्त प्यावे लागते. त्यामुळे व्हँपायर आणि वर ही दोन रूपे रंगभूमीवर एक झाली. हाइनरिख मार्शनर याच्या 'डेर व्हाम्पीर' (इ.स. १८२८) या ऑपेरात रूथ्वेनच्या तोंडी त्याच्या शापित अवस्थेची व्यथा आली.

'व्हार्नी द व्हँपायर' (इ.स. १८४५–४७) या स्वस्त साप्ताहिक भागांतील कथामालेत पश्चात्ताप करणारा व्हँपायर दिसतो. शेरिडन ले फानूच्या 'कार्मिला' (इ.स. १८७१–७२) मध्ये मैत्री, प्रेम व शिकार यांची सरमिसळ आहे. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' (इ.स. १८९७) चा नायक सरदार असला, तरी कादंबरीत तो मोहक कमी व भयानक अधिक आहे, त्याला देखणे रूप मुख्यतः पुढील नाटकांनी व चित्रपटांनी दिले. ॲन राइसच्या 'इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर' (इ.स. १९७६) मध्ये व्हँपायर स्वतःच निवेदक झाला. स्टेफनी मेयरच्या 'ट्वायलाइट' (इ.स. २००५) मध्ये तो माणसाचे रक्त न पिण्याचा निग्रह करणारा प्रियकर बनला.

या वाटचालीत पॉलिडोरीच्या पात्राची बाह्य लक्षणे टिकली: निस्तेज सौंदर्य, संपत्ती, अलिप्तता, जगाचा दीर्घ अनुभव आणि निवडक व्यक्तीकडेच वळणारे लक्ष. बदलला तो नैतिक गाभा. अलौकिक प्रेमकथेत व्हँपायरच्या गूढ मौनामागे वेदना व प्रेम दडलेले असते आणि नायिकेचा त्याच्यावरील विश्वास अखेर योग्य ठरतो. रूथ्वेनच्या मौनामागे काहीही नाही आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारा प्रत्येकजण नष्ट होतो. म्हणून 'द व्हँपायर' ही प्रेमकथांतील व्हँपायरची उगमकथा मानली जात असली, तरी ती त्या आकर्षणाविषयी सावध करणारी कथाही आहे.

स्मरण

पॉलिडोरीचे व्यक्तिचित्र लंडनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयात आहे. ग्रेट पुल्टनी स्ट्रीटवरील इमारतीवर इ.स. १९९८ मध्ये त्याच्या नावाचा स्मृतिफलक बसविण्यात आला. केन रसेलच्या 'गॉथिक' (इ.स. १९८६) व 'मेरी शेली' (इ.स. २०१७) या चित्रपटांत त्याचे पात्र आहे.

साहित्यकृती

- ऑन द पनिशमेंट ऑफ डेथ (निबंध, इ.स. १८१६)
- ॲन एसे अपॉन द सोर्स ऑफ पॉझिटिव्ह प्लेझर (निबंध, इ.स. १८१८)
- द व्हँपायर (दीर्घकथा, इ.स. १८१९)
- अर्नेस्टस बेर्ख्टोल्ड; ऑर, द मॉडर्न ईडिपस (कादंबरी, इ.स. १८१९)
- झिमेनेस, द रीथ अँड अदर पोएम्स (नाटक व काव्यसंग्रह, इ.स. १८१९)
- द फॉल ऑफ द एंजल्स (काव्य, इ.स. १८२१)
- द डायरी ऑफ डॉ. जॉन विल्यम पॉलिडोरी (रोजनिशी, मरणोत्तर, इ.स. १९११)